सकाळची फुंकर

मीटरवर शून्य आलं आणि ती त्या शून्याकडे बघतच राहिली. एरवी शून्य हा तिचा लाडका आकडा. दिवसभर तिला दुसरं काही दिसायला नकोच असायचं. पाणबुडे पाठीवर बांधून समुद्रात नेतात त्या सिलिंडरमध्ये भरलेल्या हवेत कार्बन मोनॉक्साइड नाही ना, एवढंच बघायचं हे तिचं काम. व्हॉल्व्ह जरासा सैल करायचा, बारीक हवा सोडायची, मीटर समोर धरायचं, शून्य दिसलं की सिलिंडरच्या मानेला हिरवी पट्टी चिकटवायची आणि पुढचं घ्यायचं. इतकी शून्यं बघून दुसऱ्या कुणाचं डोकं फिरलं असतं, हिचं शांत व्हायचं. पण आत्ताचं शून्य सिलिंडरचं नव्हतं. ते धूरकाकांच्या फुंकरीचं होतं, आणि धूरकाकांच्या फुंकरीला शून्य हे आजवर कधी म्हणजे कधीच झालं नव्हतं.

ही फुंकरीची भानगड बाहेरच्या माणसाला सांगितली तर तो हसतो. हसू दे. मीटर बिचारं यंत्रच. आज ना उद्या मरायचं. आणि मेलेलं मीटर सांगून मरत नाही, ते आपलं गुपचूप शून्य दाखवत बसतं. चांगल्या हवेलाही शून्य, विषारी हवेलाही शून्य. मग ते जिवंत आहे की नाही हे कळायचं कसं? त्यासाठी ठरावीक मापाचा गॅस भरलेली बाटली मिळते, पण ती संपली की नवी येईपर्यंत माणूस म्हातारा होतो. सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासात मात्र हाच वायू असतो, थोडासा, फुकटचा. म्हणून रोज सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम हे, धूरकाकांनी यायचं, गाल फुगवून मीटरच्या नळीत फुंकर मारायची, आकडा टुणकन वर उडायचा, दहा, बारा, कधी पंधरा, आणि काका म्हणायचे, "आहे गं बाई जिवंत. लाग कामाला." लेक या प्रकारावर सारखी चिडायची. "आई, हे काय शास्त्र आहे? उद्या काकाआजोबांना सर्दी झाली तर दुकान बंद ठेवणारेस का?" तिचं म्हणणं बरोबर होतं, त्यात वादच नाही. पण काही गोष्टी बरोबर असण्यासाठी चालवलेल्या नसतात, हे लेकीला अजून कळायचं होतं.

आज काकांनी फुंकर मारली आणि नेहमीचं वाक्य न बोलताच ते मागच्या दाराने निघून गेले. "पाइप बघून येतो जरा," असं काहीतरी पुटपुटले. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ज्या पाइपमधून ओढतो तो मागच्या भिंतीवरून पार गच्चीपर्यंत नेलेला होता, आणि त्याचं तोंड दिवसातून दहा वेळा बघून येणं ही काकांची जुनी खोड. तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिने मीटर झटकलं, बंद केलं, चालू केलं, स्वतः त्यात फुंकलं. शून्य. ती कधी ओढत नव्हती, तेव्हा तिचं शून्य यायचंच, त्यानं काय सिद्ध होणार? मग तिला काल दुपारचा ट्रक आठवला.

काल दुपारी सिलिंडर भरणं चालू असताना मागच्या गल्लीत कुणीतरी ट्रक आणून लावला होता, इंजिन चालूच ठेवून. पंख्याखाली बसलेल्या तिला तो ऐकूच आला नव्हता. कॉम्प्रेसरपुढे काय ऐकू येणार? लक्षात आलं तेव्हा ती पदर खोचून धावत बाहेर गेली, ड्रायव्हरला चांगलं फैलावर घेतलं, "बंद कर आधी ते धूड, लोकांच्या छातीत जातो तुझा धूर!" म्हणून. तो बिचारा गांगरून पळाला. पण तोवर किती वेळ गेला होता कुणास ठाऊक. म्हणून तिने भरलेलं एकूण एक सिलिंडर पुन्हा तपासलं, डोळ्यांत तेल घालून, आणि प्रत्येकाला शून्य आलं तेव्हा तिला केवढं हायसं वाटलं होतं. हिरव्या पट्ट्या लावताना ती गुणगुणतसुद्धा होती. तीच सिलिंडरं आज उजाडता उजाडता बोटीवर चढली. आणि ती घेऊन शिकाऊ पाणबुड्यांच्या पुढे पाण्यात उतरणारी होती तिची लेक.

मीटर काल सकाळी जिवंत होतं, काकांच्या फुंकरीने सांगितलं होतं. आज मेलेलं आहे. मग मेलं कधी? रात्री? की काल दुपारी, ट्रकच्या आधी? ती सगळी हिरवी शून्यं खरी होती की मेलेल्याची? तिने बोटवाल्याला फोन लावला. बोटवाल्याने उचलला तोच मुळी मजेत. "बोला ताई! समुद्र असा मस्त आहे ना आज—"

"ते उतरले का पाण्यात?"

"आत्ता, हे काय, बुडबुडे दिसतायत की."

"वर बोलव त्यांना. सगळ्यांना. आत्ताच्या आत्ता."

"अहो ताई, खाली गेलेल्याला हाका कशा मारू? काय झालं काय?"

"शिडीवर हातोडी ठोक. ठोकत राहा, थांबू नकोस. हवेची शंका आहे, एवढंच सांग वर आल्यावर. डोकं कुणाचं जड झालंय का विचार. आणि मला फोन कर!"

पलीकडे फोन तसाच कुठंतरी आपटला गेला आणि मग तिला ऐकू आलं, लोखंडावर लोखंड, ठण, ठण, ठण. पाण्यातून आवाज लांब जातो. जाईल, नक्की जाईल. तिने फोन कानाला लावून ठेवला आणि ती टेबलाला धरून उभी राहिली. खाली त्या हिरव्यागार पाण्यात लेक कुणाच्या तरी पट्ट्याची गाठ सारखी करत असेल, आणि छातीत एकेक श्वास घेत असेल, पाण्याच्या दाबाने दुप्पट तिप्पट झालेला. बाबा त्या वायूला चोरपावल्या म्हणायचे. 'तेलाचा वास येतो, रबराचा येतो, चोरपावल्याचा येत नाही. आधी डोकं दुखतं, मग झोप येते, आणि पाण्याखाली झोप आली की संपलं.' असं बाबा हसत हसत सांगायचे आणि आई आतून ओरडायची, लहान मुलीला काय सांगताय म्हणून.

बाबा बंदरात पाणबुडे होते. जहाजांच्या पोटाला चिकटलेल्या शिंपल्या खरवडायचं त्यांचं काम. त्यात हौसेचा, माशांबिशांचा काही संबंध नव्हता. काठावर, बाबांना नळीतून हवा पुरवणारा कॉम्प्रेसर सांभाळायला धूरकाका. बाबा त्या वेळी म्हणायचे, माझी नाळ याच्या हातात आहे, बायकोला सांगू नका. तेव्हा असली मीटरं नव्हती. काचेची बोटभर नळी असायची, आत पिवळसर पूड. तिच्यातून हवा सोडायची आणि पुडीचा रंग बदलतो का ते बघत बसायचं. ते बघण्याचं काम तिच्याकडे होतं, तिचे डोळे कोवळे म्हणून. ती नळी खिडकीच्या उजेडात धरायची, एक डोळा मिटून, आणि बाबा नि काका दोघंही तिच्या तोंडाकडे असे बघायचे की जणू निकाल लागायचाय. "पिवळीच," ती म्हणायची. मग काका म्हणायचे, "ठमाबाईंनी पास केलं. जा बाबा आता, बुड खुशाल." बाबा पाण्यात गेले की काका तिथून उठायचे आणि लांब, धक्क्याच्या पार टोकाला, वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूला जाऊन सिगारेट पेटवायचे. एक डोळा बुडबुड्यांवर, एक पाइपवर. ऊन असो थंडी असो, कॉम्प्रेसरपाशी त्यांनी कधी काडी ओढली नाही. पण परत यायचे तेव्हा धूर त्यांच्याबरोबर यायचा, शर्टात, केसांत, तिला उचलून घ्यायचे त्या हातांत. मग बाबा वर यायचे, गारठून निळे पडलेले, आणि काका स्वतःचा शर्ट काढून त्यांच्या अंगावर टाकायचे. त्याच शर्टात बाबा घरी यायचे.

म्हणून झालं असं, की बाबांनी जन्मात सिगारेटला हात लावला नाही, आणि तरी तिच्या मनात बाबांचा वास म्हणजे सिगारेटचा वास. बाबा गेले तेही पाण्याखाली नाही, घरी आरामखुर्चीत, पेपर वाचता वाचता. नंतर आईने वेड लागल्यासारखे त्यांचे सगळे कपडे धुऊन टाकले, आणि ती कपाटात डोकं घालून शर्ट हुंगत बसली तर नुसता साबण. दोन दिवस तिला रडू आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी काका भेटायला आले, दारात उभे राहिले आणि तो वास आत आला. तेव्हा ती जी रडली, की शेजारच्या बायका धावत आल्या. पुढे तिने स्वतःचं दुकान काढलं तेव्हा कॉम्प्रेसर चालवायला काकांना बोलावलं, त्यांच्याइतका जाणकार कोण म्हणून, असं तिने सगळ्यांना सांगितलं. खोटं नव्हतं ते. पण आता नवा कॉम्प्रेसर बटणावर चालतो, काकांचे हात थरथरतात, सिलिंडर लेक उचलते. सकाळची फुंकर तेवढी राहिली होती. तेवढ्यासाठी ते धुतलेला शर्ट घालून, भांग पाडून, रोज दुकानात यायचे.

ठण, ठण, फोनमध्ये अजून चालूच होतं. मध्येच बोटवाला कुणावर तरी ओरडला. धुतलेला शर्ट, तिच्या मनात आलं, आणि एकाएकी तिला जाणवलं की गेले कितीतरी दिवस दुकानात काहीतरी कमी आहे. काय ते कळत नव्हतं. तिला उगाच चिडचिड व्हायची, खुर्च्या हलवून बघितल्या, खिडकीचा पडदा बदलला, लेक म्हणालीसुद्धा, तुझं वय झालं आई. सकाळी काका शेजारी उभे राहून फुंकायचे तेव्हा तिला अगदी पुसटसा ताज्या धुराचा वास यायचा, तोंडापुरता. शर्टाला मात्र साबणाचा वास यायचा. तिला वाटलं होतं, आपलंच नाक गेलं.

मागचं दार वाजलं. काका आत आले, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि दारातच थांबले. "काय गं? कुणाचा फोन?"

"काका, मीटर मेलंय. तुमच्या फुंकरीला शून्य आलं. आणि कालचा तो ट्रक... पोर पाण्यात आहे, काका."

म्हाताऱ्याच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांनी एकदा मीटरकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि हातातली टोपी पिळायला लागले. "मेलं नसेल गं," ते म्हणाले. "मीटर नसेल मेलं. मीच... मी सोडलीय."

"काय सोडलीय?"

"सिगारेट. बरेच दिवस झाले." एरवी ढोल वाजवल्यासारखं बोलणारा माणूस, ते इतकं हळू बोलले की तिला पुढे वाकावं लागलं. "नातीला हातात देईना सून. म्हणाली, बाबा, तुमच्या अंगाला धूर येतो, एवढ्याशा जिवाच्या नाकात जातो. बरोबर आहे तिचं. मग सोडली. पण इथं काय तोंड दाखवू? माझी फुंकर चालेना झाली तर माझं इथं काम काय, सांग बरं. म्हणून येताना कोपऱ्यावर उभा राहून मीटरपुरते चार झुरके घ्यायचो, तोंड खळखळून धुवायचो, घरी जाऊन अंघोळ, मग पोरीला घ्यायचो. काल रात्री ती माझ्या मानेत नाक खुपसून झोपली. हलू देईना. आज सकाळी कोपऱ्यावर उभा राहिलो, पेटवावीशीच वाटेना. म्हटलं, एक दिवस काय बिघडतंय..."

तिला एकाच वेळी त्यांच्या मुस्काटात मारावीशी वाटली आणि त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. "अहो मग सांगायचं नाही का मला? नुसतं फुंकून पळालात!" ती एवढ्या जोरात ओरडली की भिंतीवरचं घड्याळ हललं असेल. मग तिचं डोकं चालायला लागलं. काकांनी सोडली, तर शून्य बरोबर. पण शून्य बरोबर म्हणून मीटर जिवंत आहे असं थोडंच? काकांच्या शब्दावर पोरीचा जीव टांगायचा? जे गेले कित्येक दिवस खोटं वागले त्यांच्या? "पाकीट आहे?" तिने विचारलं.

काकांनी खिशातून चुरगळलेलं पाकीट काढलं. आत दोन होत्या. काका बाहेर निघाले, गल्लीच्या टोकाकडे, आणि ती मीटर आणि चालूच असलेला फोन घेऊन मागोमाग. कोपऱ्यावर थांबून त्यांनी एक सिगारेट ओठात धरली. पहिली काडी विझली, दुसरी विझली. तिसरी पेटली. ते डोळे मिटून पुढे वाकले, आणि तिला दिसली त्यांची मान, सुरकुतलेली, स्वच्छ घासलेली, बाळासाठी घासलेली. तिने ती सिगारेट त्यांच्या ओठांतून ओढूनच काढली.

"अगं, तुला नाही जमायचं—"

"गप्प बसा. काडी धरा."

पहिल्या झुरक्याला तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसऱ्याला ठसका लागला, असा की पोटात कळ आली. काका शेजारून सांगत होते, "आत घे, आत, नुसती तोंडात फिरवू नकोस. धरून ठेव. आता सोड हळू," आणि त्यांच्या आवाजात नाही म्हटलं तरी उस्तादाचा तोरा आला होता. तिसरा झुरका छातीत उतरला आणि त्याच्याबरोबर बंदराचा तो धक्का उतरला, काठाची ओली लाकडं, बाबांचे निळे ओठ, अंगावर मोठा होणारा तो शर्ट, आणि 'पिवळीच' म्हणून सांगताना आपल्याकडे वळलेले ते दोन चेहरे. इतक्या लांबचं, इतकं जवळ आलं की तिला क्षणभर समजेना आपण कोण आहोत, लहान की म्हातारी, कुणाची मुलगी की कुणाची आई. फोनमधली हातोडी थांबलेली होती. कधी थांबली? तिने श्वास दाबून धरला, कानात ढोल वाजेपर्यंत, आणि नळी तोंडात घेऊन फुंकर मारली. होती नव्हती तेवढी सगळी हवा तिच्यात घातली.

शून्य. शून्य. काकांनी चष्म्याशिवायच मान पुढे घातली. शून्य. मग एक. मग तीन. मग आकडा चढत गेला, सात, नऊ, बारा, आणि तिथं जरा डळमळून ठरला.

"आहे," काका म्हणाले. "आहे गं, जिवंत आहे."

म्हणजे काल दुपारीही होतं. म्हणजे ती शून्यं खरी होती, ट्रकचा धूर वाऱ्याने दुसरीकडेच नेला होता, पट्ट्या खऱ्या होत्या. ती गल्लीत तशीच खाली बसली. फोनमधून लेक ओरडत होती, बहुतेक बराच वेळ. "आई! आई, ऐकतेयस का? काय झालं काय? सगळे वर आलोय, हातोडीने कान फुटले आमचे!"

"डोकं दुखतंय का तुझं?"

"नाही! कुणाचंच नाही. आता तुझ्यामुळे दुखेल. शंका म्हणे हवेची. किती शंका?"

"नाहीये. चुकलं माझं. हवा चांगली आहे."

"आणि तुझा आवाज असा का येतोय?"

"घसा," ती म्हणाली. "ये तू घरी. सांगते."

तिने फोन ठेवला. डोकं गरगरत होतं, तोंड कडू झालं होतं आणि रडू थांबत नव्हतं. काका दोन्ही हातांनी टोपी धरून तिच्यासमोर उभे होते, शाळेत उभं केल्यासारखे. "बाटली येईल ना आता नवी," ते म्हणाले. "तुझी पोरगी म्हणतच होती. बरोबर आहे. माझं आता काय..." ते जुनं तोंड, तिला ठमे म्हणून हाक मारणारं जगातलं शेवटचं, तिच्याच्याने बघवेना. ती उठली. फुंकर गेली चुलीत, तुम्ही या, रोज या, नुसते या, असं सगळं तिला सांगायचं होतं, पण ती नुसतीच दोन्ही हात पसरून त्यांच्याकडे निघाली.

काका झटकन मागे सरले. "लांब, लांब ठमे," हात आडवा धरून ते म्हणाले. "शर्टाला वास लागेल. घरी गेल्या गेल्या घ्यायचंय मला नातीला."

ती होती तिथं थांबली. तिच्या केसांना, बाहीला, हातांना तो वास होता, सगळ्या अंगाला, आणि समोर उभ्या माणसाला नुसता साबणाचा. तिने पसरलेले हात खाली घेतले.

"मग जा ना," ती म्हणाली. "थांबलात कशाला? ती वाट बघत असेल."